न मागवलेल्या आवकीचा नियम

मंगळवारी सकाळी अकरा वाजता हणमंतराव रणवरे यांनी घरच्या राऊटरमध्ये ट्रॅफिक फिल्टरचे दोन नियम घातले आणि अकरा वाजून दोन मिनिटांपासून ते नियम घराच्या दारालाही लागू झाले. फलटणच्या समर्थ कॉलनीत याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. नवीन यंत्र म्हटलं की सुरुवातीला असं काहीतरी व्हायचंच.

हणमंतराव पंचायत समितीत चौतीस वर्षं आवक-जावक टेबलावर होते. आलेल्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक द्यायचा, एवढंच काम. पण ते त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरी कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी ते आधी तिच्या कोपऱ्यात तारीख घालून सही करत आणि मग नवरा-नवरी कोण ते बघत. जावकीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. ती आपल्या हातात असते. त्रास सगळा आवकीचा. कुणीही उठावं आणि टेबलावर कागद आणून टाकावा, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. जे आपण मागवलेलंच नाही ते आत येऊ शकत नाही, अशी व्यवस्था मरायच्या आधी एकदा तरी बघायला मिळावी, ही इच्छा मनात ठेवून ते निवृत्त झाले.

मग घरात इंटरनेट आलं. नाशिकच्या मुलीचं तोंड रोज दिसावं म्हणून शालनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हट्टाने घेतलं होतं. मुलीचं तोंड दिसायचं, पण त्याच्या आधी गुडघ्याचं तेल दिसायचं, मग केस उगवायचं औषध, मग 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' असं म्हणणारा एक हसरा माणूस. हणमंतरावांनी यातलं काहीही मागवलं नव्हतं. त्यांनी राऊटरबरोबर आलेली पुस्तिका चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि बाविसाव्या पानावर त्यांचे डोळे भरून आले. तिथे त्यांची चौतीस वर्षांची इच्छा छापलेली होती.

नियम पहिला : घरातून ज्याला बोलावणं गेलं आहे, त्याला आत येऊ द्यावे. नियम दुसरा : इतर सर्व आवक थांबवावी. खाली मुदतीचा रकाना होता. बोलावणं किती वेळ ग्राह्य धरायचं आणि घरातून बाहेर गेलेलं माणूस किती वेळात परतलं तर त्याला घरचं समजायचं, हे तिथे भरायचं होतं. पोस्टात पाठवलेला शिपाई कितीही रेंगाळला तरी तीन तासांत परत येतो, या अनुभवावरून त्यांनी तीन तास लिहिलं आणि बटण दाबलं.

सव्वाअकराला शेजारच्या कुसुमवहिनी इनामदार ताटलीत अळूच्या वड्या घेऊन आल्या. रोजच्यासारखं त्यांनी फाटक ढकललं, चपला काढल्या, उंबऱ्यावरून पाय उचलला आणि तो परत पायरीवर आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला. त्यांना कुणी ढकललं नाही, काही आडवंही आलं नाही. पायच शहाण्यासारखा मागे फिरत होता.

"काय ओ भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पाय आत येईना माझा."

हणमंतराव लगबगीने दाराशी आले. त्यांनी पायाकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं.

"आपल्याला बोलावणं गेलं होतं का?"

"अळूवड्या द्यायला बोलावणं कशाला लागतंय?"

"मग बरोबर आहे," हणमंतराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की वहिनींना वाटलं यांना वड्या फारच आवडतात.

तेवढ्यात शालनताईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "कुसुमवहिनी, या की आत!" आणि पाय सरळ आत पडला. त्यामागे वहिनी आल्या, वड्या आल्या. हणमंतरावांनी वेळ लिहून ठेवली. दोन्ही नियम चोख चालले होते.

तरी रीतसर चौकशी हवी म्हणून त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. दाराच्या तक्रारीसाठी चार दाबा, असं सांगण्यात आलं. त्यांनी चार दाबलं. पलीकडून एक बाई अत्यंत गोड आवाजात बोलू लागल्या.

"सर, आपलं दार आत उघडतं की बाहेर?"

"आत."

"मग ते नेटवर्कवरच येतं, सर. बाहेर उघडणारी दारं आम्ही अजून जोडलेली नाहीत."

"मागच्या दाराचं काय?"

"तेही आपल्याच योजनेत आहे, सर. त्याचा वेगळा आकार नाही."

"आणि समजा, पुढेमागे नियम बदलायचे झाले तर?"

"एकदा दाराने धरलेला नियम बदलता येत नाही, सर. पूर्ण रीसेट करावं लागेल. त्यात घर मूळ अवस्थेत जातं. म्हणजे बिल्डरने ताब्यात दिलं तसं. नंतरचा रंग, ओट्याच्या फरशा, अंगणातलं मोगऱ्याचं झाड, हे जाईल. करू का?"

"हात लावू नका," फोनला कान लावून उभ्या असलेल्या शालनताई म्हणाल्या. मोगऱ्याला त्यांनी चार वर्षं खरकटं पाणी घातलं होतं.

हणमंतरावांना तर बदल नकोच होता. ते खुशीत होते.

ही खुशी गुरुवारपर्यंत टिकली. गुरुवारी शालनताई भजनी मंडळात गेल्या. तिथे पेटीवाल्या बाईंचं डोहाळजेवण निघालं आणि त्या साडेतीन तासांनी परतल्या. पाय उचलला, पाय मागे आला. शालनताईंनी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसून घेतलं.

"बोलवा," त्या म्हणाल्या.

"अगं, ये की," हणमंतराव म्हणाले.

शालनताईंनी पाय उचलला. मागे आला.

हणमंतरावांनी पुस्तिका काढली. बोलावणं अचूक पत्त्यावर गेलं पाहिजे, नाव नसलेलं बोलावणं रद्द समजलं जाईल, असं तेविसाव्या पानावर होतं. 'अगं' हा पत्ता होत नव्हता. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. ते बराच वेळ पुस्तिकेत तोंड घालून उभे राहिले. रस्त्यावरून जाणारा दूधवाला थांबला. समोरचे देवकाते सर वर्तमानपत्र खाली करून बघू लागले.

"शालन, ये," हणमंतराव म्हणाले. आवाज इतका बारीक होता की राऊटरला ऐकू गेला हेच विशेष.

शालनताई आत आल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कारण नसताना साखरभात केला, आणि पुढच्या गुरुवारी तर भजन लवकर संपलं तरी त्या मंडळातच वेळ काढत बसल्या.

मग कॉलनीला चटक लागली. आधी या घरात माणसं वाऱ्यासारखी यायची, चहा प्यायची, जायची. त्यांना आल्याचं काही वाटायचं नाही, की हणमंतरावांना. आता सकाळी आठला हणमंतराव दारात उभे राहून एकेकाला नावाने बोलावू लागले, जसं ऑफिसात पुकारा करायचे. "धोंडिराम दूधवाले, या." धोंडिराम किटली घेऊन आत यायचा आणि जाताना उगीचच नमस्कार करायचा. "कुसुमवहिनी इनामदार, या." वहिनी बोलावणं येईपर्यंत फाटकापाशी केसांत फूल माळत उभ्या राहायच्या. ज्यांचं या घरात कधी काही काम नव्हतं, तेही आपलं नाव देऊन ठेवू लागले. आवक इतकी वाढली की शालनताईंना मोठं पातेलं वर काढावं लागलं.

देवकाते सर तर पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हातात नारळ घेऊन. सर गणिताचे निवृत्त मास्तर, एकटेच राहत, आणि रणवऱ्यांच्या दारालगतच्या सोप्यात बसून रोज वर्तमानपत्र वाचत.

"नारळ कशाला, सर?" हणमंतरावांनी विचारलं.

"बोलावणं आलं की रिकाम्या हाताने जाऊ नये," सर म्हणाले. मग खुर्चीत बसून, वर्तमानपत्र न उघडता, ते म्हणाले, "रणवरे, चार वर्षं मी रोज येतोय तुमच्याकडे. तुम्ही कधी ये म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. मला वाटायचं, हे आपल्याला सहन करतात. आता रोज नावाने बोलावता. फार बरं वाटतं हो."

हणमंतराव हसले आणि त्यांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. त्यांना आक्का आठवली.

हौसाक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हणमंतरावांना कडेवर घेऊन वाढवलं ते हिनेच. लग्न होऊन लोणंदला दिली, म्हणजे मोटारीने तासाभराच्या वाटेवर, आणि चार वर्षं झाली तिने या घराची पायरी चढलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी घराची वास्तुशांत होती. बहिणीला बोलवायचं तर भावाने हळदीकुंकू आणि अक्षता घेऊन तिच्या दारी जायचं, ही सगळ्यांची रीत. हणमंतरावांनी तिला पत्रिका रजिस्टर पोस्टाने पाठवली. वर 'श्रीमती हौसाबाई जगन्नाथ धुमाळ यांस' असं लिहिलं, जावक क्रमांक सतरा घातला आणि सोबत पोचपावती जोडली. त्यांच्या मते यापेक्षा जास्त मान कुणाला देता येत नव्हता. आक्का आली नाही. 'माझा भाऊ मला टपालानं बोलावतो, मी काय ग्रामसेवक हाय?' असं ती लोणंदभर बोलल्याचं त्यांच्या कानावर आलं. तेव्हापासून ती त्यांचा फोनही उचलत नव्हती.

पोचपावती त्यांच्याकडे होती. बोलावणं पोचल्याचा पुरावा होता. चूक तिची होती. आणि तरीही फाटक वाजलं की ते मान वर करत. एक दिवस आक्का न सांगता येईल, पूर्वी यायची तशी, काखेत गाठोडं मारून, भांडतच आत शिरेल, असं ते चार वर्षं धरून चालले होते.

आता ती आली तरी तिचा पाय उंबऱ्यावरून मागे फिरणार होता.

त्यांनी कपाटातून पोचपावती काढली. तारीख पाहिली. बोलावण्याची मुदत तीन तास, आणि हे चार वर्षांपूर्वीचं. पत्त्यावर नाव होतं, पण त्या नावाने त्यांनी आक्काला जन्मात कधी हाक मारली नव्हती. हणमंतराव पलंगावर बसले आणि शालनताईंना म्हणाले, "चूक माझी आहे गं. ते बोलावणं झालंच नव्हतं."

"अडीच वर्षं मी तेच सांगतेय," शालनताई म्हणाल्या. आधीची दीड वर्षं त्याही आक्कावर चिडलेल्या होत्या.

रविवारी बरोबर नऊ वाजता हणमंतराव हळदीकुंकवाची कुयरी आणि वाटीभर अक्षता घेऊन देवकाते सरांच्या मोटारीत बसले. बाराच्या आत घरी पोचायचं, आपण आत जायचं, मागे वळायचं आणि आक्काला बोलवायचं, असा बेत होता. सर मोटार तिसऱ्या गिअरच्या वर नेत नसत, तरी दहाला लोणंद आलं.

आक्का दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा तांदळात पाहिलं.

"कशाला आलास रं?"

"न्यायला आलोय."

"कागद कुठाय?"

"कागद नाही. मीच आलोय."

आक्काने सुपातला एक खडा शोधून बाहेर फेकला. मग दुसरा फेकला. "चार वर्षं," ती म्हणाली, "चार वर्षं मी पाव्हण्यारावळ्यांत तोंड लपवून बसले. दिवाळी आली की बाया इचारायच्या, हौसाबाई, भाऊ आला का न्यायला? काय सांगू? पोस्टमन आलता म्हणू?"

"चुकलो आक्का," हणमंतराव म्हणाले. त्यांनी वाकून पाया पडून अक्षता दिल्या. आक्काने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोराचा, आणि मग तोच हात बराच वेळ पाठीवरून फिरवत राहिली. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

इथपर्यंत साडेदहाच झाले होते. पण आक्काने इरकली लुगडं नेसलं, कपाळावरचे केस सारखे केले आणि ती गल्लीत निघाली. प्रत्येक दारी जाऊन सांगायचं होतं.

"शेवंताबाई, जाते गं चार दिस. भाऊ न्यायला आलाय."

"आलाय व्हय?"

"आलाय तर! मोटार घिऊन आलाय. त्यो बघ उभा."

प्रत्येक दारी हणमंतरावांना उभं राहून दाखवावं लागलं. गल्लीत बावीस दारं होती. पाचव्या दाराशी त्यांनी घड्याळ पाहिलं, नवव्या दाराशी पाहिलं. अकराव्या दाराशी आक्का एका ऐकू न येणाऱ्या म्हातारीला तीच बातमी तिसऱ्यांदा ओरडून सांगत होती आणि तिचं तोंड असं फुललं होतं की हणमंतरावांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. बावीसच्या बावीस दारं झाली. शेवटच्या दारी तर त्यांनी स्वतःच सांगितलं, "मी भाऊ. न्यायला आलोय."

मोटार समर्थ कॉलनीत शिरली तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. निम्मी कॉलनी फाटकापाशी जमलेली होती. हणमंतराव धावतपळत पायऱ्या चढले, उंबऱ्यावरून पाय उचलला आणि तो परत आला.

"मुदत टळली," देवकाते सर हळूच म्हणाले.

शालनताई आतून दाराशी आल्या. "अहो, या ना," त्या म्हणाल्या. पाय मागे आला. "वन्सं, तुम्ही तरी या." आक्काचा पायही मागे आला.

आक्काने कंबरेवर हात ठेवून उंबऱ्याकडे पाहिलं. हणमंतरावांनी तिला सगळा प्रकार समजावून सांगितला : नियम एक, नियम दोन, मुदत, आणि नाव घेतल्याशिवाय दार कुणाला आत घेत नाही हेही. आक्का लक्ष देऊन ऐकत होती. शेवटच्या मुद्द्यावर तिचे डोळे चमकले.

"म्हंजी नाव घ्यायचं, मग दार सोडायचं. हे कशाला इतकं पुस्तकात बघाय लागतंय? हिच्या लग्नात दार मीच अडवलं हुतं की!" ती भावजयीकडे वळली. "शालन, घे नाव."

"वन्सं, आता या वयात काय नाव घ्यायचं?"

"वय इचारलं नाय म्या. माझा भाऊ उन्हात उभा हाय. उखाण्यात घे. साधं नाव चालायचं न्हाई, नणंद दारात हाय."

कुसुमवहिनींनी टाळी वाजवली. धोंडिरामने किटली खाली ठेवली. शालनताई पदराने तोंड झाकून हसल्या, एकदा मोगऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या :

"अळूच्या वडीला चिंचेचा कोळ,
हणमंतराव, आत या, पुरे झाला घोळ."

सगळी कॉलनी ओरडली. हणमंतराव आत पडले, अक्षरशः, कारण पाय अगदी तयारीत होता. ते उठले, सदरा झटकला आणि मागे वळले. बाहेर पायरीवर आक्का उभी होती.

चौतीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. हणमंतरावांनी घसा साफ केला आणि अचूक पत्ता दिला. "श्रीमती हौसाबाई जगन्नाथ धुमाळ, आत यावे."

आक्काचा पाय उंबऱ्यापलीकडे गेला. दाराची काही हरकत नव्हती. पण आक्काने तो स्वतःच्या मर्जीने परत घेतला आणि पायरीवर ठेवला.

"ह्येच पाकिटावर हुतं," ती म्हणाली.

हणमंतरावांचा चेहरा पडला. त्यांनी शालनताईंकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. पुस्तिकेत याबद्दल काही नव्हतं. मग ते उंबऱ्याशी गेले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, लहानपणी कडेवर घे म्हणताना करत तसे.

"हौसाक्का," ते म्हणाले, "ये गं घरात. तू नाहीस तर करमत नाही मला."

आक्का आत आली. आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून बघितले, ओटा उंच झालाय म्हणाली, देवघराची दिशा चुकलीय म्हणाली, आणि मग पाट ओढून मधोमध बसली आणि मोठ्याने रडली. रडून झाल्यावर तिने बाहेर उभ्या असलेल्यांना एकेक करून बोलवायला सांगितलं. हणमंतरावांनी एकतीस नावं घेतली. शालनताईंनी दुसरं पातेलंही काढलं.

आक्का चार दिवसांसाठी आली होती. आज तिला तिसरा महिना चालू आहे. रोज सकाळी नऊला चहा झाला की ती उंबरा ओलांडून बाहेर जाते आणि मोगऱ्याखाली खुर्ची टाकून बसते. कुणी विचारलं तर कोवळं ऊन बरं असतं म्हणते. अकराला ऊन कोवळं राहत नाही, साडेअकराला तर चटका लागतो, पण ती उठत नाही. शालनताई आतून सरबताचा पेला नेऊन देतात.

बाराला पाच मिनिटं कमी असताना हणमंतराव घड्याळ बघत दारात येऊन उभे राहतात, आणि मुदत संपायची वाट बघतात.